पूजेच्या आदल्या दिवशीचा रंग

नोकरीच्या पहिल्या दोन-चार वर्षांत माणसाला आपण इंजिनिअर आहोत हे जरा जास्तच ठाऊक असतं. मला तर ते झोपेतही ठाऊक असे. पुण्याहून पदवी घेतलेला, सांगलीकडचा मी सरकारी शेतकी फार्मवर सहायक अभियंता म्हणून बराकपूरजवळ जाऊन पडलो, तेव्हा साठाचं दशक संपत आलं होतं आणि बंगालात गव्हाचं नवं बुटकं बियाणं नुकतंच पेरायला लागले होते. बायको आणि मी राहायचो दक्षिण कलकत्त्यात, भाड्याच्या दोन खोल्यांत. सकाळी सगळं जग लोकलने सियालदाकडे यायचं, तेव्हा मी सियालदाहून उलटा बराकपूरला जायचो. डब्यात पाय पसरून बसायला मिळायचं. त्या नोकरीतली एवढीच काय ती ऐट.

फार्मवर ट्रॅक्टर एकच होता. लढाई संपल्यावर दोन-तीन वर्षांनी बोटीने आलेला, करडा, बुटका, विलायती. वीस वर्षं बंगालची चिकणमाती तुडवून त्याचा रंग जागोजाग उडाला होता आणि जिथे माणसांचे हात लागत तिथे लोखंड नुसतं चकाकत असे. त्याच्या पाठीमागे दोन लोखंडी भुजा होत्या. त्यांना नांगर नाहीतर पेरणीयंत्र अडकवायचं आणि सीटशेजारची छोटी दांडी ओढायची, की तेलाच्या दाबाने ते सगळं धूड अलगद वर उचललं जायचं. त्याला आम्ही लिफ्ट म्हणायचो. या लिफ्टचा पंप गिअरबॉक्सच्या पोटातच बसवलेला होता, त्यामुळे गिअरचं तेल आणि लिफ्टचं तेल एकच. त्या तेलाची काळजी घेतली की ट्रॅक्टरची निम्मी दुखणी जवळ येत नसत.

ती काळजी घेणारे एक मिस्त्री होते. उंच, हाडकुळे, अठ्ठावन्नाला टेकलेले. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेले आणि फार्म उघडला त्या वर्षापासून या ट्रॅक्टरला चिकटलेले. इंजिनांच्या धडधडीत आयुष्य गेल्यामुळे त्यांचे कान अधू झाले होते. हाक ऐकू जायला दोनदा मारावी लागे. पण मशीन ऐकायची त्यांची रीत वेगळी होती. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ते गिअरबॉक्सला टेकवायचे, त्याची मूठ कानामागच्या हाडावर दाबायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. मग म्हणायचे, "बेरिंग, सार." किंवा म्हणायचे, "कुछ नहीं." ते चुकलेले मी कधी पाहिले नाहीत.

आमचं बोलणं हिंदीत चालायचं. त्यांची हिंदी बंगाली होती, माझी मराठी. दोघांचीही सारखीच बेताची, त्यामुळे कुणी कुणाला हसायचं नाही.

त्या वर्षाच्या अखेरीला मिस्त्री निवृत्त होणार होते. कुशल कामगाराला दोन वर्षांची मुदतवाढ मिळू शकत असे आणि तिच्यासाठी शिफारस करायची होती मी. त्यांनी हा विषय एकदाच काढला. फार्मच्या कडेला त्यांचं एका खोलीचं सरकारी क्वार्टर होतं. नोकरी संपली की दोन महिन्यांत ते सोडावं लागणार. निर्वासितांच्या एका कॉलनीत त्यांना जमिनीचा तुकडा मिळाला होता, पण त्यावर अजून गवतच होतं. त्यांच्या बायकोने आयुष्यात दोनदा घर सोडलं होतं, एकदा गावातलं आणि एकदा रेल्वेच्या रुळांच्या कडेचं झोपडं. मिस्त्री म्हणाले, "दोन वर्षं मिळाली, सार, तर मी भिंती उभ्या करीन. तिला क्वार्टरमधून सरळ आपल्या घरात नेईन. मध्ये कुठेही नाही."

मी म्हणालो, "देखेंगे."

हो म्हणायला मला काय झालं होतं? मनात तर हो होतंच. पण साहेबाने लगेच हो म्हणू नये, म्हणजे माणसं डोक्यावर बसत नाहीत, असं कुणीतरी माझ्या कानात भरवलं होतं. असले सल्ले बरे पटकन लक्षात राहतात.

सप्टेंबरच्या मध्यावर विश्वकर्मापूजा आली. बंगालात त्या दिवशी कारखान्यापासून रिक्षाच्या अड्ड्यापर्यंत सगळीकडे हत्यारं खाली ठेवतात. मशीन चालवायचं नाही, त्याची पूजा करायची. आभाळभर पतंग असतात आणि दुपारी खिचडीचा प्रसाद. मला हे सगळं फार आपलंसं वाटलं. आमच्याकडे खंडेनवमीला वडील पकडीपासून अडकित्त्यापर्यंत घरातलं सगळं लोखंड धुऊन पाटावर मांडायचे आणि हळदकुंकू वाहायचे. घरापासून इतक्या लांब कुणीतरी लोखंडाला नमस्कार करतंय, या विचाराने मला भरून आलं होतं.

मिस्त्रींची पूजेची तयारी मात्र मला अगदीच कंजूष वाटली. रॉकेलच्या फडक्याने ते ट्रॅक्टर पुसायचे, सिंदुराचे ठिपके लावायचे आणि झेंडूची एक माळ घालायचे. शेजारच्या पंपघरातल्या लोकांनी त्यांचं इंजिन हिरवंगार रंगवून काढलं होतं. ते बघितलं आणि माझं डोकं फिरलं. आपला ट्रॅक्टर असा भिकाऱ्यासारखा बसणार? मी बाजारातून करड्या रंगाचे दोन डबे मागवले.

"सार, रंग रहने दीजिए," मिस्त्री म्हणाले. "पुराना मशीन है. जो जहाँ है, ठीक है."

"देवाला मळक्या अंगाने बसवता का हो, मिस्त्री?" मी म्हणालो. पाच-सहा मजूर उभे होते. ते हसले. मिस्त्री विश्वकर्म्याची मूर्ती आणायला सायकलरिक्षाने बाजारात निघून गेले.

ते नसताना मी शर्ट काढून कामाला लागलो. दोन मजुरांना हाताशी घेतलं. गिअरबॉक्सवरचं तेल भरायचं टोपण घासता यावं म्हणून काढायला लावलं, भोकात चिंधी कोंबली आणि नळीने ट्रॅक्टर धुऊन काढला, सगळीकडून, चांगला अर्धा तास. मग बॅटरी उतरवली. बॅटरीपासून ट्रॅक्टरच्या अंगाला जोडलेली तांब्याची जाड पट्टीही सोडवली, कारण तिच्याखालचा चार बोटांचा चौकोन मळका राहिला असता आणि मला ते चाललं नसतं. त्या चौकोनावर मी स्वतः दोन हात रंग दिला. वाळल्यावर पट्टी परत बसवली आणि बोल्ट इतका घट्ट आवळला की पान्हा हातातून सटकला. दंडावर करडे शिंतोडे घेऊन मी घरी गेलो तेव्हा बायको म्हणाली, "अहो, ट्रॅक्टरला रंग दिलात की ट्रॅक्टरने तुम्हाला?"

मी फार्मवरून निघण्याआधी, मूर्ती घेऊन आलेल्या मिस्त्रींनी बॉनेटवर एक बोट टेकवून पाहिलं होतं. रंग ओला होता. बोट त्यांनी फडक्याला पुसलं.

दुसऱ्या दिवशी पूजा थाटात झाली. ट्रॅक्टर नवरदेवासारखा चमकत होता आणि लोक येऊन माझंच कौतुक करत होते. त्यानंतर दुर्गापूजेच्या सुट्ट्या आल्या, मग लक्ष्मीपूजा, कालीपूजा. शेतात वाफसा नव्हता आणि अवजारांना काम नव्हतं. ट्रॅक्टर ताडपत्रीखाली तसाच उभा राहिला.

नोव्हेंबरात गव्हाच्या पेरणीचं प्रात्यक्षिक ठरलं. कलकत्त्याहून, एस्प्लनेडच्या कचेरीतून मोठे साहेब येणार होते आणि आसपासच्या गावांतले साठ-सत्तर शेतकरी बोलावले होते. ट्रॅक्टरने एका दिवसात किती पेरणी होते, ओळी कशा सरळ येतात, हे त्यांना दाखवायचं होतं. मिस्त्री सीटवर बसले. स्टार्टर दाबला. आतून एकदा 'टक्' झालं आणि गप्प. पुन्हा दाबला. पुन्हा टक्. दहाबारा जणांनी ढकलून ट्रॅक्टर सुरू केला, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला वाटलं, निभावलं.

पण पेरणीयंत्र उचलायला दांडी ओढली, तर भुजा अर्ध्यापर्यंत वर गेल्या, थरथरल्या आणि धाडकन खाली आल्या. पुन्हा तेच. बांधाशी ट्रॅक्टर वळवायचा तर यंत्र वर उचलावंच लागतं; ते उचलेना, म्हणून फाळ मातीत रुतलेले असतानाच वळवावं लागलं. बियाणं एका ठिकाणी ढिगाने पडलं, दुसरीकडे पडलंच नाही. तिसऱ्या वळणाला एक म्हातारा शेतकरी शांतपणे उठला आणि म्हणाला, बैल आणू का? सगळं शेत हसलं.

मोठ्या साहेबांनी मला बाजूला घेतलं. "हे कोण सांभाळतं?"

मिस्त्री चार पावलांवर ट्रॅक्टरच्या मागे वाकलेले होते. त्यांना ऐकू जाणार नव्हतं. मी इंग्रजीत म्हणालो, "मिस्त्री, सर. म्हातारे झालेत. कान पार गेलेत त्यांचे. मशीनमधला बिघाडसुद्धा ऐकू येत नाही."

"आणि तुम्ही त्यांच्या मुदतवाढीची शिफारस करणार आहात?"

"नाही, सर," मी म्हणालो.

इतकं सोपं होतं ते. त्याच संध्याकाळी कचेरीत बसून मी तीन ओळींचं टिपण लिहिलं, की वाढतं वय आणि अधू श्रवणशक्ती यामुळे मुदतवाढ देणं योग्य वाटत नाही. खाली सही केली. टंकलेखक बाबूने ते टाइप केलं आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत फार्मवर प्रत्येकाला ठाऊक झालं.

मग मी बिघाड शोधायला बसलो. आता मी या म्हाताऱ्याला दाखवणारच होतो, इंजिनिअर कसा शोधतो ते. आधी बॅटरी. तिच्यातल्या ॲसिडची घनता मोजली, भरलेली होती. मग माझ्या लक्षात आलं की बॅटरीचं धन टोक ट्रॅक्टरच्या अंगाला जोडलंय. कॉलेजात आम्ही नेहमी ऋण टोक जोडलेलं पाहिलं होतं. मी ओरडलोच. "हे काय, मिस्त्री? उलटी बॅटरी? वीस वर्षं हेच केलंत?" मिस्त्री आत गेले, कपाटातून तेलकट पुस्तिका आणली आणि एका पानावर बोट ठेवून माझ्यापुढे धरली. त्या जुन्या विलायती बनावटीत धन टोकच अंगाला जोडायचं असतं. चित्र होतं, बाण होता. मी वाचलं आणि पान उलटलं, जणू मला पुढचं काही हवं होतं.

मग स्टार्टर उतरवला. त्यातले कार्बन तपासले, घासले, परत बसवले. डायनमो उतरवला, तोही ठीक. दोन दिवस यात गेले. मिस्त्री मी सांगेन ते करायचे आणि त्यापुढे एक शब्द बोलायचे नाहीत. एरवी मी चुकीचा बोल्ट सोडायला लागलो की हळूच म्हणायचे, "सार, पहले ये देख लीजिए." ते वाक्य दोन दिवसांत एकदाही आलं नाही. मला वाटलं, रुसलेत. मग वाटलं, रुसू देत.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी सीटवर बसून स्टार्टर दाबत होतो. टक्. टक्. डावा हात सहज चोक ओढायच्या तारेवर होता आणि ती तार मला गरम लागली. आधी वाटलं, उन्हाने. पण ट्रॅक्टर शेडमध्ये होता. पुन्हा स्टार्टर दाबला, तर तार इतकी तापली की हात काढावा लागला. चोकच्या तारेत वीज असायचं काही कारण नाही. विजेला बॅटरीकडे परतायला वाट लागते. तिची रुंद वाट कुठेतरी अडली असेल, तर ती सापडेल त्या बारीक वाटेने घुसते आणि ती वाट तापते. आता ती रुंद वाट म्हणजे तांब्याची पट्टी. पट्टी तर जागेवर होती, बोल्ट घट्ट होता. मीच आवळला होता.

आणि मग मला समजलं. सीटवरून खाली उतरेपर्यंत सगळं समजलं होतं.

पान्हा लावून बोल्ट सोडला. पट्टीखाली माझा रंग होता. गुळगुळीत, करडा, दोन हातांचा. बोल्टच्या आट्यांतून जो थोडा स्पर्श होत होता, तोसुद्धा दोन महिन्यांच्या दमट हवेने गंजून गेला होता. पॉलिश पेपर घेऊन मी तो चौकोन घासायला लागलो. नागडं लोखंड दिसेपर्यंत घासलं, पट्टी बसवली आणि स्टार्टर दाबला. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं.

मला आनंद झाला नाही. कारण लिफ्टचं काय झालं असेल तेही आता मला ठाऊक होतं. इंजिन बंद केलं, गिअरबॉक्सखाली बादली ठेवली आणि तळाची डाट काढली. आधी पाणी आलं. स्वच्छ पाणी, चांगलं दोन तांबे. मग दुधाच्या चहासारखं तेल. माझ्या नळीचं पाणी माझ्याच चिंधीतून झिरपून दोन महिने तिथे बसलं होतं आणि लिफ्टची झडप गंजवत होतं. बादली मिस्त्रींनी धरली होती. आम्ही दोघं त्या बादलीत बघत उभे राहिलो.

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण शाळेत असताना मी वहीत दहादा लिहिली होती. इथे तर फाशीचा हुकूमही चोरानेच लिहिला होता आणि खाली सही केली होती.

"मिस्त्री," मी म्हणालो, "आपको पता था?"

त्यांनी कानामागे हात धरला. मला ते पुन्हा, मोठ्याने विचारावं लागलं. शेडच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या मजुरांनी वळून पाहिलं.

"तुम्ही शोधायला बसलात, त्या पहिल्याच दिवशी," ते म्हणाले. "तार गरम लागली."

"मग बोलला का नाहीत? दोन दिवस मी गाढवासारखा..."

त्यांनी बादली खाली ठेवली. हात पुसले, एकेक बोट वेगळं करून. मग त्यांच्या त्या मोडक्या हिंदीत जे म्हणाले ते मी विसरलेलो नाही. "कागज के पहले बोलता, तो वो काम था, सार. कागज के बाद बोलता, तो भीख होता."

मी त्या संध्याकाळी घरी गेलो ते जेवलो नाही. बायको तांदूळ निवडत बसली होती. तिला सगळं सांगितलं. मला वाटत होतं ती म्हणेल, जाऊ द्या, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत. तिने सुपातून मान वर केली नाही.

"मग दुसरा कागद लिहा," ती म्हणाली.

"अगं, इतकं सोपं नाही ते. माझ्या गोपनीय अहवालावर..."

"तुमची नोकरी जाईल?"

"जाणार नाही. पण बोलणी बसतील. बढती अडकेल."

"बसू देत बोलणी. त्यांचं घर जातंय, अहो." मग म्हणाली, "आणि आजच लिहा. उद्या तुम्हाला काहीतरी कारण सापडेल."

ओळखून होती मला. मी दोन पानं लिहिली. टोपण मी काढलं, चिंधी मी कोंबली, पट्टीखाली रंग मी दिला, यात मिस्त्रींचा काडीचा दोष नाही. आडपडदा ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि ट्रामने एस्प्लनेडला जाऊन मोठ्या साहेबांपुढे ती पानं ठेवली. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी दोन्ही पानं सावकाश वाचली, चहा मागवला आणि म्हणाले, "असं लिहायला हिंमत लागते. मला आवडलं."

माझा जीव भांड्यात पडला. तो तिथे अर्धा मिनिटभरच राहिला.

"पण एक सांगा," साहेब म्हणाले. "त्यांना ऐकू येत नाही, हे तुम्ही लिहिलंत. ते खोटं होतं का?"

मी म्हणालो, "कमी येतं, सर. पण त्याने कामात काही अडत नाही. ते स्क्रू ड्रायव्हर लावून..." आणि मी ते टोक कुठे लावतात, मूठ कुठे टेकवतात, हे साहेबांच्या टेबलावरची पेन्सिल घेऊन करून दाखवायला लागलो. साहेब समजूतदारपणे बघत राहिले. मग म्हणाले, की त्या टिपणावरून त्यांनी वैद्यकीय तपासणीचा हुकूम आधीच काढला आहे आणि तो रंगाच्या कारणाने परत घेता येत नाही. तपासणीत पास झाले, तर तुमच्या दुसऱ्या पत्रावर जरूर विचार करू.

तपासणी झाली. डॉक्टरांनी मिस्त्रींना खुर्चीवर पाठमोरं बसवलं आणि ठराविक अंतरावरून हळू आवाजात आकडे म्हटले. मिस्त्रींनी ते ऐकून तसेच परत सांगायचे होते. त्यांनी पहिला सांगितला, मग एकही नाही. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो आणि दाराच्या फटीतून मला ते सगळे आकडे नीट ऐकू येत होते. नियमांत तेवढंच होतं. स्क्रू ड्रायव्हर कुठल्याच नियमात बसत नव्हता.

मुदतवाढ नाकारली गेली. फार्म इतकी वर्षं चालला होता आणि त्या माणसाचे कान कसे आहेत हे कुणी कधी विचारलं नव्हतं. विचारायचं कारणच पडलं नव्हतं. ते कारण मी चार पावलांवर उभं राहून, त्यांना समजणार नाही अशा भाषेत, स्वतःची लाज झाकायला पुरवलं. बाकी सगळं मी दुरुस्त करू शकलो, ते एक वाक्य नाही. आणि मला काय झालं? काहीही नाही. माझं दोन पानांचं कबुलीपत्र फाइलीत टाचलं गेलं. साधा मेमोसुद्धा आला नाही. बढती वेळेवर मिळाली. त्या बढतीची मला आजही लाज वाटते.

उरलेला महिनाभर मिस्त्री रोज वेळेवर आले. लिफ्टची झडप त्यांनी उघडली, गंज काढला, तीनदा रॉकेलने गिअरबॉक्स धुतला, नवं तेल भरलं. गव्हाची पेरणी उशिरा का होईना त्यांनीच पुरी केली, आणि ओळी अशा आल्या की तो बैलवाला म्हातारा बांधावर उकिडवा बसून बघत राहिला. माझ्याशी ते पूर्वीसारखेच बोलत. मी चुकीचा बोल्ट धरला की "सार, पहले ये" हेसुद्धा परत सुरू झालं होतं. मी माफी मागायचं दोन-तीनदा ठरवलं. हिंदीत ते वाक्य जुळवूनही ठेवलं होतं. पण माफी ओरडून मागावी लागली असती आणि शेडमध्ये नेहमी कुणीतरी असायचं. हे कारण खरं होतं, पण मला ते सोयीचंही होतं.

डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी त्यांना हार घातला. फेब्रुवारीअखेर त्यांनी क्वार्टर सोडलं. रेल्वेच्या पलीकडे, बराकपूरच्याच एका वस्तीत भाड्याची खोली घेतली, असं मजुरांनी सांगितलं. मी जाईन जाईन म्हणत राहिलो. बंगाली नववर्ष आलं तेव्हा बायकोनेच संदेश मिठाईचा डबा हातात ठेवला आणि म्हणाली, "आज घरी यायच्या आधी तिकडे जाऊन या."

खोली बांबूच्या तट्ट्यांची होती, वर कौलं. मिस्त्रींना मला पाहून खरंच आनंद झाला. ते खाटेवरून उठले, मला तिथे बसवलं आणि स्वतः जमिनीवर बसले. मी कितीही नको म्हटलं तरी ऐकेनात. ट्रॅक्टरची चौकशी केली. तेल बदललं का, विचारलं. त्यांच्या बायकोला मी पहिल्यांदाच जवळून पाहत होतो. लहानशी, पांढऱ्या केसांची बाई. मी "माशिमा" म्हणजे मावशी म्हणून नमस्कार केला, तर तिने माझ्या हनुवटीला बोटं लावून ओठांना टेकवली.

खोलीत भिंतीला एक फळी होती. ती रिकामी होती. भांडी कुठे दिसत नव्हती, कपडे कुठे टांगलेले नव्हते. भिंतीशी जुन्या साड्यांची पाच-सहा गाठोडी एका ओळीत ठेवलेली होती, घट्ट गाठी मारलेली. राहायला येऊन त्यांना दीड महिना झाला होता.

चहा करायचा म्हणून ती एका गाठोड्यापुढे बसली. गाठ सुटेना, तेव्हा तिने दात लावले. आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक कप काढला, एक बशी काढली, मग गाठोडं पुन्हा बांधलं. दुसऱ्या गाठोड्यातून साखर काढली, तेही बांधलं. या सगळ्याला बराच वेळ लागला. चहा माझ्या हातात देताना ती बंगालीत म्हणाली, "देरि होये गेलो, बाबा. किछु मोने कोरो ना." उशीर झाला, मनाला लावून घेऊ नकोस. एवढं बंगाली मला तोवर येत होतं. आणखी म्हणाली, की तू आमच्यासाठी मोठ्या कचेरीत गेला होतास ते यांनी मला सांगितलंय, देव तुझं भलं करो.

मी मिस्त्रींकडे पाहिलं. त्यांनी तिला अर्धंच सांगितलं होतं. ते जमिनीकडे बघत होते.

उरलेलं अर्धं मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. चहा प्यायलो. माझ्या हातातला कप तिने घेतला, दाराशी नेऊन विसळला, पदराने आतून-बाहेरून कोरडा केला, त्याच वर्तमानपत्रात गुंडाळला आणि गाठोडं उघडून त्यात ठेवला. मग दोन्ही टोकं ओढून गाठ मारली. मी अजून खाटेवर बसलेलोच होतो.